तीस मीटरचा चौकोन

पोटऱ्या बुडाल्या, असं घाटावरून चौघुले सांगतो.
मी विचारते, म्हणजे मीटर किती?
मॅडम, पोटऱ्या म्हणजे पोटऱ्या.
दुतोंड्या मारुती समोर उभा असताना
आमच्या गावात पट्टी कुणी लावत नाही.
घोटा, गुडघा, कंबर, छाती.
नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं
तर मग मोजायचंच नाही.

माझ्यापुढे पडद्यावर दुसरी गंगा आहे.
ती आकाशातून मोजली कुणी तरी,
नाशिकला न विचारता,
आणि साऱ्या जगाला फुकट वाटून टाकली.
तिच्यात पंचवटी म्हणजे नुसते चौकोन.
तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद,
एका चौकोनाला एकच उंची.
वाघाडीच्या काठचा हा एक :
एकोणीस घरं, दोन शेळ्या, पिठाची गिरणी,
सगळ्यांना मिळून आकडा
पाचशे सदुसष्ट.

घरं काढली रोसाउराने. लिमा, पेरू.
नकाशाच्या पोटात एवढीच नोंद.
चार वर्षांपूर्वी, वरून काढलेला फोटो बघत
तिने एकेका छपराला चार कोपरे दिले.
गिरणीपुढचा मांडवही घर समजून काढलाय.
असू दे.

साडेसहाला धरणातून विसर्ग वाढणार.
बोट एकच आहे;
दुसरीचं इंजिन दुरुस्तीला गेलं ते गेलंच.
साहेब विचारतात, आधी कुठे?
त्यांना पाण्यातल्या बोटीआधी
हे बोट हवंय, माझं,
नकाशावर टेकलेलं.

नकाशा म्हणतो, वाघाडीची बोळ उंचावर.
आधी टाळकुटेश्वराकडे.
मी बोललेच होते जवळजवळ.

तेवढ्यात दुसऱ्या फोनवर यमुनाबाई शेजवळ,
मागे पोरांचा, भांड्यांचा आवाज :
“अहो ताई, गंगा आमच्याकडं पुढून येतच नाही.
मागून येती. गटारातून.
चिंचेखालनं.”

चिंच.

पाचशे सदुसष्ट.
वरून बघणाऱ्याला जमीन दिसलीच नव्हती,
चिंचेचा शेंडा दिसला होता.
झाडाची उंची
माणसांच्या पायाखाली लिहिली गेली,
आणि तिच्यावर आम्ही तीन वर्षं
निळी रेषा ओढली, लाल रेषा ओढली,
ठराव केले, शिक्के मारले.

मी बोट उचललं. दुसरीकडे ठेवलं.
साहेब म्हणाले, नक्की?
नक्की असं काही नव्हतं.
हो म्हटलं.

अडीच वाजता चौघुले : कंबर. थांबलंय बहुतेक.
यमुनाबाई शाळेत. शेळ्याही शाळेत,
सहावी ‘ब’च्या वर्गात.
गिरणी गेली.
टाळकुटेश्वराकडे एका दुकानात
कापडाचे तागे भिजले, बरेच.
त्याचा मालक सकाळी माझं नाव विचारत आला.
मी सांगितलं.

मग चौकोन दुरुस्त केला.
चिंच वजा केली, नऊ मीटर.
बोळीला नाव नव्हतं, तिथे लिहिलं चिंचेची बोळ.
मांडव तसाच ठेवला.
जतन केलं.
लिमात अजून कालची रात्र चालू असेल.

झोप येईना, म्हणून कामांच्या यादीतलं एक उघडलं.
चाड देशातलं गाव, नाव वाचता येत नाही.
नदी चढतेय. छपरं काढून हवी आहेत.
छपरं गोल. एकेक गोल काढत गेले,
सत्तेचाळीस झाले.
मध्ये एक गडद ठिपका.
झाड असेल. किंवा सावली.
किंवा त्यांचा कुणी मारुती,
ज्याच्या पोटऱ्यांवर ते आपली नदी मोजत असतील.

ठिपक्यावर मी नोंद लिहिली :
झाड आहे का?
कुणी तरी खालून बघून सांगा.